माझ्या तोंडाभोवतीची काळी रिंग

मी एक जुना लाकडी खोका आहे. ज्यात स्पीकर बसवतात ना, तो खोका. मित्रांनो, आपली जीवनकथा सांगणारे बहुतेक जण आधी स्वतःच्या जन्माचे कौतुक सांगतात. मी आधी माझ्या भावाची तक्रार सांगणार आहे. ती पोटातून बाहेर पडल्याशिवाय मला पुढचे काही सुचायचे नाही.

भाऊ म्हणजे माझा जुळा भाऊ. आम्ही दोघे प्लायवूडच्या एकाच फळीतून निघालो. त्याच्या डाव्या अंगावरच्या लाकडाच्या रेषा माझ्या उजव्या अंगावर येऊन संपत होत्या. म्हणजे सुरुवातीला तरी आमच्यात डावे-उजवे करावे असे काही नव्हते.

आम्हाला बनवले एका बहिणीने आणि तिच्या पाठच्या भावाने. बहीण दुकानांच्या पाट्या रंगवायची. तिचा भाऊ सुतारकाम करायचा. घोळ नको म्हणून मी त्यांना ताई आणि सुतार असेच म्हणेन. भाऊ हा शब्द मी माझ्या भावासाठी राखून ठेवला आहे. चांगल्या गोष्टी त्याच्यासाठी राखून ठेवायच्या, हा आमच्या घरचा नियमच होता.

घरामागे पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली होती. तिला सगळे कारखाना म्हणत. एका बाजूला सुताराचे टेबल, दुसऱ्या बाजूला ताईचे रंगाचे डबे, आणि कोपऱ्यात ब्रश धुवायचा नळ. दाराशी ताईची शिडी टेकवलेली असे. ही शिडीच सगळ्याचे मूळ होती. वर्षानुवर्षे शिडीवर उभे राहून पाट्या रंगवल्यामुळे ताईचा उजवा गुडघा कामातून गेला होता. उतरताना तो कट् कट् वाजायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की शिडी सोडा, नाहीतर गुडघा तुम्हाला सोडेल.

शिडी सोडून करणार काय? त्याच सुमाराला साउंडवाले काका कारखान्यात आले. सभा, कार्यक्रम, शाळांची स्नेहसंमेलने, सगळीकडे ते भाड्याने स्पीकर द्यायचे. त्यांचे जुने खोके खिळखिळे झाले होते आणि बाजारातले तयार खोके त्यांना परवडत नव्हते. ते म्हणाले, "तुम्ही एक बनवून द्या. मी तो गावभर फिरवतो. खोका टिकला आणि वरचा रंग टिकला, तर माझे सगळे खोके तुमच्याकडे. पण रंग महागातला नको हं. आणि आपटला, घासला, ओढला तरी उडायला नको."

ताईचे डोळे चमकले. खोके रंगवायचे म्हणजे जमिनीवर बसून करायचे काम. शिडी नाही, चढउतार नाही.

सुताराने उत्साहाने दोन खोके बांधले. पहिला मी. माझ्या तोंडाचे भोक पाडायची वेळ आली तेव्हा त्याने स्पीकर माझ्यावर पालथा ठेवला, त्याच्या पत्र्याच्या कडेने पेन्सिल फिरवली आणि त्या रेषेवरून करवत चालवली. भोक असे सुरेख गोल झाले की तो दोन पावले मागे जाऊन बघत राहिला. मग त्याने स्पीकर उचलून भोकावर ठेवला. स्पीकर सरळ माझ्या पोटात गेला. धप्!

"गेला की आत!" ताई इतकी हसली की तिला गुडघा धरून बसावे लागले.

"हसू नकोस गं. कडेच्या बाहेरून रेघ मारली मी. आतून मारायला हवी होती. आता कड टेकणार कशावर?"

स्पीकरची कड लाकडावर टेकते आणि तिथेच स्क्रू बसतात. माझ्याकडे टेकायला लाकूडच उरले नव्हते. भावाच्या वेळी सुतार शहाणा झाला होता. त्याने त्याचे भोक बोटभर लहान पाडले आणि स्पीकर त्यात असा बसला, जणू तिथेच जन्मला होता. बघा मित्रांनो, चूक सुताराची, शहाणपण सुताराचे, पण चूक आली माझ्या वाट्याला आणि शहाणपण गेले त्याच्या.

"हा राहू दे," ताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "मला रंग लावून बघायला होईल."

तेव्हापासून मी प्रयोगाचा खोका झालो. माझ्या डाव्या अंगाला तिने पाटीसाठीचा चकचकीत ऑइलपेंट लावला. दिसायला छान, पण प्रत्येक बोटाचा ठसा त्यावर उमटायचा आणि किल्ली घासली की पांढरी रेघ. उजव्या अंगाला लाखेचे पॉलिश केले. खरे सांगतो, त्या दिवशी मी थोडा शेफारलो होतो. मधासारखा रंग आला होता. मग सुताराने ते अंग वर येईल असे मला आडवे करून त्यावर गरम चहाचा कप ठेवला आणि पांढरे वर्तुळ उमटले ते कायमचे. डोक्यावर लाकडाच्या रेषा छापलेला चिकट कागद डकवला. त्याला फोड आले आणि चार दिवसांत त्याचे कोपरे कानासारखे उभे राहिले. पाठीवर जुन्या गालिच्याचा तुकडा चिकटवला, तर शेजारचे मांजर येऊन त्यावर नखे परजू लागले. तोंडाच्या बाजूला जवसाचे तेल चोळले. ते वाळता वाळेना आणि कारखान्यातला सगळा भुसा माझ्या तोंडाला चिकटला.

त्या भुशानेच ताईला कल्पना सुचली. तिने लाकडाचा बारीक भुसा चाळला. पाण्याला दाद न देणारा सुतारकामाचा सरस घेतला, त्यात काळा प्लास्टिक पेंट ओतला, भुसा कालवला आणि स्पंजच्या रोलरने लावून बघायचे ठरवले. पण लावणार कुठे? माझी सगळी अंगे भरली होती. म्हणून तिने मला उलटे केले आणि ते मिश्रण माझ्या तळाला लावले. दोन हात दिले, वाळल्यावर वरून साध्या वॉर्निशचा एक हात. दुसऱ्या दिवशी सुताराने किल्ली घासली, पाना आपटला, खिळ्याने ओढून पाहिले. त्या खरबरीत काळ्या कातडीवर काही उमटेना.

"हाच!" ताई म्हणाली.

हाच, पण माझ्यासाठी नाही. मला पुन्हा सुलटे करून बाजूला सरकवले आणि तोच रंग भावाला लावायला घेतला. डोके, तोंड, पाठ, दोन्ही अंगे, सगळीकडे एकसारखा दाणेदार काळा रंग. मी शेजारी उभा होतो, एका अंगाने पाटी, दुसऱ्या अंगाने पाट आणि पाठीने पायपुसणे. माझ्या जिवाची किती आग झाली असेल ते तुम्हीच समजा. माझ्या अंगावर चुका करून शिकलेले सगळे त्याच्या अंगावर शोभत होते.

शेवटी मिश्रण संपत आले. सुताराने विचारले, "तळाला लावायचा?"

"खालचं कोण बघणार आहे?" ताई म्हणाली. पाटीची भिंतीकडची बाजू तिने जन्मात कधी रंगवली नव्हती.

म्हणजे माझ्याकडे असलेली आणि त्याच्याकडे नसलेली एकच गोष्ट या जगात होती. ती माझ्या बुडाखाली होती. तिचा मला काय उपयोग?

त्याच दुपारी त्याला तारा जोडल्या आणि तो गायला. पहिल्याच सुराला कारखान्याचा पत्रा थरारला. सुतार टेबलावर ताल धरून बसला, ताई ब्रश हातात तसाच धरून ऐकत राहिली, आणि नेहमी नाक मुरडणारी शेजारीणसुद्धा दारात येऊन म्हणाली, "किती गोड आवाज आहे हो!" माझे पोट रिकामे होते. त्याचा आवाज माझ्या भोकातून आत शिरला आणि आत घुमू लागला. मला माझा आवाज नव्हता आणि त्याचा नकोसा आवाज पोटात घेऊन बसावे लागत होते. मी त्या दिवशी मनाशी म्हटले, एकदा, फक्त एकदा मला आतून वाजू दे. मग माझे सरपण केले तरी चालेल.

भाऊ काकांबरोबर जग बघायला गेला. मी कुठे गेलो? नळापाशी. ब्रश धुताना ताईला खाली वाकता येत नसे, म्हणून तिला बसायला काहीतरी उंच हवे होते. ते मी झालो. माझ्या भोकातून हात घालून ती आत रिकामे डबे, चिंध्या आणि झिजलेले रोलर ठेवायची. नळाचे पाणी रोज माझ्या खालून वाहायचे. मांजर दुपारी माझ्या पोटात झोपायचे. एका स्पीकरच्या खोक्याच्या आयुष्यात याहून मोठा अपमान कुठला, ते मला सांगा.

भाऊ अधूनमधून तारांच्या दुरुस्तीसाठी घरी यायचा. यायचा कसला, मिरवायचा! त्याच्या अंगाला सभागृहांची धूळ असायची. काका त्याला टेबलावर ठेवून पाठीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "काल हजारभर माणूस होतं समोर. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोचला." एकदा तो व्हॅनमधून पडल्याचे त्यांनी सांगितले. मी कान टवकारले. "पण साधा ओरखडा नाही बघ!" मी कान पाडले. त्याच्या अंगावर एखादा तरी ओरखडा यावा म्हणून मी किती वाट पाहिली! फार मोठा नको, माझ्या चहाच्या वर्तुळाएवढा चालला असता.

ताई त्याच्याकडे बघायची तेव्हा मात्र वेगळेच काही दिसायचे. ती हळूच विचारायची, "काका, मग बाकीच्या खोक्यांचं?"

"होईल, होईल. अजून थोडे दिवस फिरू दे त्याला."

आणि ताई शिडी खांद्यावर घेऊन लंगडत पाटी रंगवायला निघून जायची.

मग एका दुपारी काका आले. त्यांनी भावाला टेबलावर आडवे ठेवले. वरून तो पहिल्या दिवसासारखा काळाभोर होता. खालून मात्र बघवत नव्हता. धुतलेल्या फरश्या, ओल्या हिरवळी, पाणी मारलेली अंगणे, जिथे म्हणून त्याला ठेवला तिथले पाणी उघड्या प्लायवूडने पिऊन घेतले होते. तळ फुगला होता. लाकडाचे पापुद्रे सुटले होते. बाजूच्या फळ्या खालच्या सांध्यातून उघडल्या होत्या, आणि त्याचा तो गोड आवाज खरखर करत होता.

"रंग फसला पोरी तुझा," काका म्हणाले. "मला आता दुसरीकडे बघावं लागेल."

मित्रांनो, मला आनंद झाला. खोटे कशाला बोलू? माझ्या चिंध्यांनी भरलेल्या पोटात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता कसा मिरवतोस ते बघतो, असे मी म्हणालो.

तेवढ्यात ताई कोपऱ्यात आली आणि माझ्यावर बसली. रोज बसायची तशी नाही. एकदम, सगळा भार टाकून. तिचा हात माझ्या डाव्या अंगावर पडला आणि ती नखाने ऑइलपेंट खरवडू लागली. दाराशी टेकवलेल्या शिडीकडे ती टक लावून बघत होती. तिचा दुखरा गुडघा मलाच टेकला होता. माझा आनंद पार ओसरला.

तिने तोंडावर पाणी मारायला नळ सोडला. पाणी नेहमीसारखे माझ्या खालून वाहू लागले. ती त्या पाण्याकडे बघत बसली. बघता बघता ताडकन उठली आणि दोन्ही हातांनी मला उलटे केले. डबे, चिंध्या, रोलर आणि झोपेतले मांजर, सगळे भराभर बाहेर आले. तिने माझा तळ फडक्याने पुसला. काळा, दाणेदार, कोरडा. कुठे फुगवटा नाही की पापुद्रा नाही.

"अरे, इकडे ये लवकर!" तिने सुताराला हाक मारली. "हा किती दिवस पाण्यात बसलाय बघ. काय झालंय याला? काही नाही!"

सुताराने माझ्या तळावर हात फिरवला, मग भावाच्या तळावर. "रंग नाही फसला ताई. तिथे रंगच नाहीये."

ताई कपाळाला हात लावून म्हणाली, "मी पाटी रंगवली रे. खोका रंगवलाच नाही."

काका अजून दारात चपला घालत होते. तिने त्यांना हाताला धरून आत आणले आणि त्यांची किल्ली त्यांच्याच हातात देऊन माझ्या तळावर घासायला लावली. त्यांनी घासली. मग खाली बसून चष्मा लावून पाहिले.

"उद्या संध्याकाळी शाळेत कार्यक्रम आहे," ते शेवटी म्हणाले. "उद्या दुपारी मला हा रंग सगळीकडून लावलेला, वाजणारा खोका दे. पाणी ओतून बघेन मी. पटलं तर काम तुझं. नाहीतर मी दुसऱ्याला होकार देऊन टाकतो."

नवा खोका बांधून, सरस वाळून, त्यावर रंग चढायला एका दिवसात वेळ कुठला? तयार खोका एकच होता. पण त्याचे तोंड मोठे होते.

सुताराने माझ्याकडे पाहिले आणि मग भावाकडे. भावाचा तळ कुजला होता, पण तोंडाची फळी वरच्या भागात ठणठणीत होती, आणि तिच्यात ते भोक होते. बोटभर लहान, अचूक, स्पीकरला टेकायला लाकूड देणारे. ज्यासाठी मी इतके दिवस जळत होतो तेच.

सुताराने भोकाभोवती एक मोठे वर्तुळ काढले. या वेळी त्याने दोनदा मोजले. मग तीच करवत काढली जिने आम्हा दोघांना एका फळीतून वेगळे केले होते.

भावाने कधी माझे काही वाकडे केले नव्हते, हे मला त्या करवतीच्या आवाजात पहिल्यांदा आठवले. तो कापला जात होता आणि मी टेबलाशेजारी उभा होतो, आमच्या पहिल्या दिवसासारखा. त्याचा भुसा माझ्या अंगावर उडत होता. त्याचे भोक मिळावे असे मला वाटले होते. ते असे मिळावे असे मात्र नव्हते वाटले.

त्याच्या फळीची गोल रिंग सुताराने माझ्या तोंडावर ठेवली, सरस लावला, स्क्रू आवळले, फट लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवली. तोवर ताईने माझा चिकट कागद ओढून काढला, गालिचा खरवडला, पॉलिशपेपरने मला सगळीकडून घासले. मांजर दारात बसून नाराजीने बघत होते. मग नवे मिश्रण कालवून तिने रोलर घेतला आणि मला उलटे करून तळापासून सुरुवात केली. माझ्या तळाला रंग होता, तरी तिने आणखी एक हात दिला. भोकाच्या आतल्या कडासुद्धा तिने बारीक ब्रशने भरल्या. रिंगेच्या वरच्या अंगावर मात्र तिने काही लावले नाही. तिथे भावाचा रंग शाबूत होता.

दुसऱ्या दिवशी उन्हात वाळून मी तयार झालो. काकांनी खरोखरच तांब्याभर पाणी माझ्या तळावर ओतले आणि ते थेंब थेंब निथळून जाताना पाहिले. मग भावाचा स्पीकर माझ्या तोंडावर ठेवला गेला. तो पडला नाही. टेकला. तारा जोडल्या आणि गाणे सुरू झाले.

मी वाजलो, मित्रांनो! आतून वाजलो! इतके दिवस चिंध्या सांभाळणारे माझे पोट भरून आले. काकांनी मान डोलावली आणि म्हणाले, "वा! आवाज तर अगदी त्याचाच."

त्याचाच! माझ्या आयुष्यातले पहिले कौतुक आणि तेसुद्धा त्याच्या वाट्याला गेले. कोणालाही विचारा, अशा वेळी पोटात दुखणार नाही तर काय होणार?

काम ताईला मिळाले. शिडी दाराजवळून उठली आणि भिंतीवर आडवी टांगली गेली. आता तिच्यावर रोलर वाळत घालतात. भावाच्या उरलेल्या चांगल्या लाकडाचे सुताराने ठोकळे केले. नवा खोका आला की ताई तो त्या ठोकळ्यांवर उलटा ठेवते आणि आधी तळ रंगवते. इतके खोके रंगवून झाले, पण तिचा हा क्रम चुकलेला मी पाहिलेला नाही.

मी खूप वर्षे फिरलो. हजारभर माणसांसमोर वाजलो, व्हॅनमधून पडलो, ओल्या हिरवळीवर बसलो. आता मी म्हातारा झालो आहे. नव्या तकतकीत स्पीकरांनी माझी जागा घेतली आहे आणि मी पुन्हा कारखान्याच्या कोपऱ्यात आहे, नळाच्या दुसऱ्या बाजूला, कोरड्यात. येणारा-जाणारा मला थोपटतो, पण हात नेमका तोंडाभोवतीच्या रिंगेवर ठेवतो, कारण ती जुनी आणि वेगळी दिसते. "ही काय सुंदर आहे!" असे म्हणतो. मला अजूनही थोडा राग येतो. सवय एकदम कशी जाईल?

तुम्हाला एवढेच मागणे आहे. हाताने काही बनवलेत, तर ते एकदा उलटे करून बघा आणि जिथे कोणी बघणार नाही तिथेही रंगाचा एक हात द्या. रंग स्वस्तातला असला तरी चालेल. माझ्या भावाला कोणी तेवढे केले असते, तर आज या कोपऱ्यात आम्ही दोघे शेजारी असतो आणि मी सुखाने त्याच्यावर जळत बसलो असतो.

आजही ताई कधीकधी दुपारी मला तार जोडते आणि एखादे गाणे लावते. पहिला सूर निघतो तेव्हा आधी ती काळी रिंग थरथरते. मग मी.